न्यू ग्लॅरसचे स्विसपण खरे की देखाव्यापुरते?

मॅडिसनकर:
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातले न्यू ग्लॅरस हे जेमतेम दोन-सव्वादोन हजार वस्तीचे गाव नुकतेच पाहिले. स्विस धाटणीचे लाकडी सज्जे, खिडक्यांखाली फुलझाडे आणि दुकानांवरच्या जर्मन पाट्या पाहून मुलीने विचारले, ‘‘बाबा, हे सगळे खरे आहे का?’’ मला नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनी बखर:
गावाचे मूळ अस्सल आहे. पीक बुडाल्याने आणि दारिद्र्याने गांजलेल्या, स्वित्झर्लंडमधील ग्लारुस प्रांतातून एप्रिल 1845 मध्ये 193 माणसे निघाली. जमीन पाहण्यासाठी निकोलस ड्युर्स्ट आणि फ्रिडोलिन स्ट्राइफ या दोघांना आधीच पुढे धाडले होते. ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष पोहोचली ती 108. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला 20 एकर जमीन आली. सुरुवातीला गहू पेरला जाई; पुढे जमिनीचा कस उतरला, कीड पडू लागली आणि गाव दूध व चीजकडे वळले, जे डोंगराळ मुलखातून आलेल्या या लोकांना काही नवे नव्हते.

शंकासुर:
इतिहास मान्य, परंतु सज्ज्यांचे काय? गावातला ‘पेट’ नावाच्या कंपनीचा दूध आटवण्याचा कारखाना 1962 मध्ये बंद पडला, गावाचा मोठा आधार गेला, आणि मग पर्यटकांना ओढण्यासाठी स्विस धाटणीची दर्शनी रूपे चढवण्यात आली. मुलीची शंका रास्तच आहे.

रंगकर्मी:
शंकासुर, कालक्रम मात्र ध्यानात घ्यावा. जर्मन नाटककार शिलरचे, स्विस लोकनायकावरचे ‘विल्हेल्म टेल’ हे नाटक गावकरी 1938 पासून उघड्या माळावर करत आले आहेत, म्हणजे कारखाना बंद पडण्याच्या चोवीस वर्षे आधीपासून. त्यात गायी-शेळ्याही असतात आणि भूमिका करतात ती गावातलीच माणसे. पर्यटकांची गरज भासण्यापूर्वी जे गाव एवढा खटाटोप करत होते, त्याला नुसती सजावट कशी म्हणावी?

  

मॅडिसनकर:
सर्वांचे आभार. सज्जे साठ वर्षांचे आणि गाव पावणेदोनशे वर्षांचे, असे मुलीला सांगितले. आता तिला नाटकातल्या शेळ्या पाहायच्या आहेत.