परप्रांतीय कामगारांसाठी आपल्या खासदार-आमदारांनी सभागृहात काय केलं, हे कसं तपासायचं?

मास्तर_उत्तर_गोवा

नमस्कार मंडळी. मी उत्तर गोव्यात मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो. शाळेच्या मागच्या बाजूला एक मोठा गृहप्रकल्प उभा राहतोय. कामावर झारखंड, ओडिशा आणि उत्तर कर्नाटकातली माणसं आहेत. ती पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि त्यांची काही मुलं माझ्याच वर्गात बसतात. त्यातल्या एका मुलीचे वडील पावसाच्या तोंडावर परांचीवरून पडून वारले. तिची आई एक कागद घेऊन माझ्याकडे आली, 'सर, ह्यात काय लिहिलंय?' म्हणून. कागद इंग्रजीत. त्यावर नवऱ्याचा पगार नाही, कामाला लागल्याची तारीख नाही, मूळ मालकाचं नाव नाही. 'सर्व येणे मिळाले, तक्रार नाही' एवढंच, आणि खाली तिचा निळा अंगठा.

मी एका पुढाऱ्याच्या माणसाकडे गेलो, तर तो म्हणाला कामगार कायदे दिल्लीचे. दुसऱ्याकडे गेलो, तो म्हणाला हे पर्वरीचं, म्हणजे गोवा विधानसभेचं काम. मग इंटरनेटवर खासदारांची हजेरी आणि प्रश्नांची संख्या पाहिली. त्या आकड्यांवरून कुणी कामगारांसाठी खरंच काही केलं का, हे कळतं का? आणि हा विषय सभागृहात न्यायचा तर कुणाला धरू?

जुनी_वार्ताहर

मास्तर, आधी त्या बाईंचं बघा. सभागृहातल्या प्रश्नाला महिने लागतील, हा अर्ज उद्या जाऊ शकतो. कामावरच्या मृत्यूची भरपाई कंत्राटदाराने वारसाच्या हातात टेकवून चालत नाही, ती कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. 1923 च्या कामगार भरपाई कायद्यातला हा नियम नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. हक्क सोडल्याचा अंगठा घेतला म्हणून हक्क जात नाही. त्या कागदाची, पंचनाम्याची आणि शवचिकित्सेच्या अहवालाची प्रत जोडून पणजीला पाटोवर श्रमशक्ती भवनात लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का घ्या. बाई गावी परतायच्या आत हे करा. एकदा गाडीत बसल्या की त्यांना परत बोलावून घेणारं कुणी नसतं.

आता तुमचा प्रश्न. मी मराठी दैनिकासाठी विधानसभेचं कामकाज लिहायचे, आधी पणजीच्या जुन्या सचिवालयात, मग पर्वरीला. त्यामुळे थोडं लांबेल.

'दिल्लीचं' आणि 'पर्वरीचं' ही दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत. श्रम हा विषय समवर्ती सूचीत आहे, कायदे दोघेही करू शकतात. आंतरराज्य स्थलांतर मात्र सरळ केंद्राच्या सूचीत, 81 व्या नोंदीत आहे. अंमलबजावणीचं म्हणाल तर मुरगाव बंदर, रेल्वे, खाणी इथले कामगार केंद्राच्या अखत्यारीत. खासगी बांधकाम, हॉटेल, कारखाना राज्याच्या. म्हणजे तुमच्या शाळेमागच्या साइटवर निरीक्षक कितीदा गेला, हे आमदारानेच विचारायचं. लोकसभेत तसा प्रश्न दिला तर तो नियमावर बोट ठेवून परत येईल, कारण जो विषय मुख्यतः केंद्राचा नाही त्यावर तिथे सहसा प्रश्न घेत नाहीत. पण झारखंडचा माणूस गोव्यात मेला तर ते दोन्ही राज्यांना कळतं की नाही, हे दिल्लीत विचारता येतं.

कुणाला धरायचं? उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत. मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीच्या वहीत सहीही करत नाहीत. त्यांच्या नावापुढचा रकाना रिकामा दिसतो तो नियमामुळे. लोकसभेत प्रश्न द्यायचा तर गोव्यातून उरतात दक्षिणेचे विरियातो फर्नांडिस, आणि राज्यसभेत सदानंद शेट तानावडे. मतदारसंघ तुमचा नसला तरी काही अडत नाही.

आकड्यांवर मात्र विसंबू नका. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात. एकेका उत्तरावर चार-सहा खासदारांची नावं असतात, कारण सगळ्यांनी जवळपास एकच प्रश्न दिलेला असतो. प्रत्येकाच्या खात्यावर तो एक म्हणून चढतो. हजेरीच्या सहीवरूनही काम कळत नाही. मला विचाराल तर तीन ठिकाणी बघा: प्रश्नाची वाक्यरचना, उत्तर आल्यावर पुढे काय केलं, आणि कामगारांचा कायदा पटलावर होता त्या दिवशी हा माणूस कुठे होता.

14 सप्टेंबर 2020 चं उदाहरण घ्या. त्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास रद्द होता, फक्त लेखी उत्तरं मिळत होती. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित कामगार मेले, असा प्रश्न होता. संतोष गंगवार यांच्या श्रम मंत्रालयाने उत्तर दिलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक कामगार घरी परतल्याचा आकडा मात्र होता. त्या एका ओळीने जे उघडं पाडलं ते तासभराच्या भाषणाने पडलं नसतं. 1979 पासून आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा सांगत होता की कंत्राटदाराने परराज्यातून आणलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद ठेवावी, त्याला फोटोचं पासबुक द्यावं, जीवघेण्या अपघाताची खबर दोन्ही राज्यांना आणि घरच्यांना द्यावी. चाळीस वर्षांनी देशाकडे यादी नव्हती. जून 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिली, तेव्हा ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं.

त्याच अधिवेशनात, 22 सप्टेंबरला लोकसभेत आणि 23 ला राज्यसभेत, व्यावसायिक सुरक्षा संहिता मंजूर झाली. विरोधकांचा बहिष्कार होता, बाकं रिकामी होती. 1979 चा कायदा लागू व्हायला पाच कामगार पुरत होते, त्याची जागा घेणाऱ्या ह्या संहितेत दहा लागतात. विस्थापन भत्ता गेला. जमेची बाजूही सांगते: स्वतःहून आलेला कामगारही आता व्याख्येत येतो आणि वर्षातून एकदा गावी जाण्या-येण्याचं भाडं द्यायची तरतूद आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून ही संहिता लागू आहे. लाखो माणसांचं जगणं बदलणाऱ्या कायद्यावर सभागृहात जो कस लागायला हवा होता तो लागला नाही, ह्याचं मला आजही वाईट वाटतं. सत्ताधाऱ्यांना दुरुस्त्या सुचवता आल्या असत्या, विरोधकांना बसून भांडता आलं असतं.

खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं म्हणून कुणी फोटो टाकला तर त्याचं वजन बेतानेच धरा. स्वातंत्र्यानंतर अशी फक्त 14 विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. तरी ते वाया जातं असं नाही. ना. म. जोशींनी 1921 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात कामगार संघटनांच्या नोंदणीचा ठराव मांडला, 1926 मध्ये कायदा आला. मधली पाच वर्षं ते विषयाला चिकटून राहिले. सरकारी बाकांवर नसलेल्या माणसाच्या हातात हे एवढंच असतं, चिकाटी.

बाणस्तारकर

ताई, सगळं पटलं, पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या वाड्यावरची पोरं आयटीआय करून घरी बसलीत. आमदाराने आधी त्यांचा प्रश्न विचारावा की परप्रांतीयांचा? गोंयकारांना असं वाटलं तर त्यात चूक काय?

कुंडईचा_टाइमकीपर

मी औद्योगिक वसाहतीत हजेरीपट सांभाळतो, म्हणून ह्यावर बोलतो. परवाना मोठ्या कंत्राटदाराच्या नावावर असतो. माणसं आणतो त्याच्या हाताखालचा पेटी कंत्राटदार, आणि त्याला पुरवतो गावाकडचा मुकादम. निरीक्षक येतो तेव्हा मोठ्याचा मस्टर दाखवतात. त्यात नावं बरोबर, सह्या बरोबर. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाचं नाव कुठेच नसतं, त्याला मुकादम आठवड्याला खर्ची देतो आणि बाकीचा हिशेब गावी जाताना. म्हणून 'परवानाधारक कंत्राटदारांकडे किती कामगार' एवढंच विचारलं तर खातं खरंच उत्तर देईल आणि मास्तरांच्या विद्यार्थिनीचे वडील त्यात नसतील.

बांधकाम कामगारांच्या कल्याण मंडळाच्या नोंदणीचंही असंच आहे. मागच्या बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणार कोण? पेटीवाला सही करत नाही, कारण सही केली की कामगार त्याचा ठरतो. बांधकामावरचा एक टक्का उपकर जमा होत राहतो आणि ज्याच्यासाठी जमा होतो तो नोंदणीच्या बाहेर.

बाणस्तारकर, तुमच्या पोरांबद्दल: माझ्याकडे आयटीआयवाले येतात, पगार विचारतात आणि परत जातात. कारण शेजारी तेच काम बिननोंदीचा माणूस बारा तास करतो. त्याचे तास वहीत चढले आणि जादा वेळेचे पैसे द्यावे लागले तरच तुमच्या पोराला परवडेल असा पगार निघेल.

जुनी_वार्ताहर

टाइमकीपरनी माझं काम हलकं केलं. बाणस्तारकर, राग कसला? तुमचा प्रश्न रास्त आहे, तो वेगळा नाही एवढंच म्हणते. काणकोणला 4 जानेवारी 2014 ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, 31 जण गेले. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याला नाइटक्लबच्या आगीत 25 गेले, त्यातले बहुतेक तिथेच कामाला होते. अशा वेळी सगळेच बोलतात. एकेकटा पडून मरतो, त्याच्यासाठी कुणीतरी मुद्दाम प्रश्न द्यावा लागतो.

एलएक्यूची, म्हणजे विधानसभेतल्या प्रश्नांची उत्तरं मी गठ्ठ्याने चाळली आहेत. मुख्य उत्तर दोन ओळींचं असतं, खरा माल मागच्या परिशिष्टात. तपासण्यांच्या तक्त्यात 'त्रुटी आढळल्या' हा रकाना भरलेला आणि शेजारचा 'खटले' रकाना रिकामा, असं दिसलं की आमदाराने उठून उपप्रश्न विचारायला हवा. पुष्कळदा तो उठत नाही, कारण त्याने परिशिष्ट वाचलेलंच नसतं. तेव्हा उत्तर आलं की मास्तर, तुम्ही ते वाचा आणि त्याला पानासकट दाखवा.

आणि 'माहिती गोळा केली जात आहे' असं उत्तर आलं तर निराश होऊ नका. संसदेत ते आश्वासन धरलं जातं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते. खासदाराने त्या समितीला पत्र लिहिलं का, हे विचारा. कामाची पारख तिथे होते.

मास्तर_उत्तर_गोवा

सगळ्यांचे मनापासून आभार. श्रमशक्ती भवनात अर्ज दिला, शिक्का घेतला. बाई अजून इथेच आहेत, मुलीची परीक्षा होईतो थांबतील.

आमदारांसाठी मसुदा असा केलाय: 'मागील तीन वर्षांत तालुक्यातील बांधकामांवर परराज्यातील कामगारांचे किती मृत्यू झाले, त्यांपैकी किती प्रकरणांत भरपाई खात्याकडे जमा झाली, किती कंत्राटदारांवर खटले भरले, आणि अमुक प्रकल्पाच्या अमुक कंत्राटदारावर सरकार काय कारवाई करणार?' लोकसभेसाठी: 'अपघाती मृत्यूची खबर गोव्याने कामगाराच्या मूळ राज्याला किती प्रकरणांत दिली?' चालेल?

जुनी_वार्ताहर

पहिला चांगला आहे. 'तालुक्यातील' काढून 'राज्यातील, तालुकानिहाय' करा, म्हणजे दुसऱ्या तालुक्यांचे आमदारही उपप्रश्नाला उठतील. 'किती मृत्यू' च्या पुढे 'उपकंत्राटदारांच्या कामगारांसह' हे शब्द घाला, टाइमकीपरनी सांगितलेली पळवाट तिथेच बंद होते. शेवटचा तुकडा, कंत्राटदाराच्या नावाचा, काढून टाका. तो आरोप ठरतो आणि त्याच्यापायी सगळा प्रश्न अडकेल. ते प्रकरण तुमच्या अर्जात आहेच.

लोकसभेच्या प्रश्नात एकट्या गोव्याचं नाव नको, 'राज्यनिहाय' लिहा आणि झारखंड, ओडिशा, कर्नाटक ही मूळ राज्यंही मागा. दोन्हीकडच्या नोंदी जुळल्या नाहीत तर तेच तुमचं उत्तर. प्रश्न 150 शब्दांत बसवा आणि नोटीस 15 दिवस आधी जावी लागते, म्हणून अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात मडगावला जाऊन खासदार फर्नांडिसांकडे द्या.