मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेलेल्या पणजोबांच्या भावाचा माग कसा काढावा?

माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ पलटणीबरोबर बसऱ्याला गेले आणि परत आले नाहीत. घरात सगळे त्यांना ‘बसऱ्याचे आबा’ म्हणतात. आता भावकीतली तरुण मंडळी त्यांच्या नावाचा दगड बसवणार आहेत. मजकूरही ठरलाय: ‘कुट येथे वीरमरण’. हे कुट (बसऱ्यासारखंच इराकमधलं गाव, तिथे तुर्कांनी ब्रिटिश-भारतीय फौजेला वेढा घातला होता) आलं कुठून असं विचारलं, तर कुणी म्हणतं आजोबा सांगायचे, कुणी म्हणतं नेटवर वाचलं. शंभर वर्षांत ज्यांचं नाव कुठेच लागलं नाही, त्यांच्या दगडावर निदान खरं लिहावं एवढंच माझं म्हणणं. त्यावरून सध्या मी घरातली खलनायिका आहे.

कागद एकही नाही. आहे ते एक चांदीचं पदक. एका बाजूला राजाचा छाप, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडाबंब माणूस आणि १९१४, १९१८ ही सालं. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत: शिपाई क्रमांक, नाव, मग ‘११’ आणि पुढचा आकडा झिजलेला, त्यापुढे ‘महराटा’. यावरून पलटण कळेल का? आणि मृत्यूची नोंद शोधायची कुठे? आमच्यापैकी कुणी फौजेत नाही, त्यामुळे अगदी पहिलीपासून सांगा.

पलटणवेडा:
हे ब्रिटिश वॉर मेडल. चांदीचं आहे म्हणजे लढणाऱ्या पलटणीतला माणूस. बिगरलढाऊ मजूर तुकड्यांना हेच पदक ब्राँझचं मिळे. आधी एक काम करा: पदक घासूनपुसून चकाचक करू नका. कडेवरची अक्षरं तशीच जातात, तुमचा आकडा बहुधा असाच कुणाच्या तरी हौसेपायी गेला असावा. अंधाऱ्या खोलीत बाजूने तिरका टॉर्च मारून मोबाइलवर जवळून फोटो काढा.

तुमचा सगळा वाद त्या एका आकड्यावर आहे. ११ ने सुरू होणाऱ्या मराठा पलटणी चार: ११०, ११४, ११६ आणि ११७. चारही मेसोपोटेमियात (म्हणजे आजच्या इराकमध्ये) होत्या. पण कुटच्या वेढ्यात सापडल्या त्या ११० आणि ११७ (आणि १०३, पण तो आकडा तुमच्याकडे बसत नाही). ११४ असेल तर कुट विसरा. ती पलटण गाजली १९१८ च्या ऑक्टोबरात शरकातच्या लढाईत.

कोराकागद:
वरच्यात एक भर. ११० किंवा ११७ निघाली तरी माणूस वेढ्यात होताच असं नाही. जखमी होऊन आधीच मागे गेलेले, डेपोत असलेले बरेच होते. म्हणून मृत्यूची तारीख महत्त्वाची. वेढा ७ डिसेंबर १९१५ ला पडला, २९ एप्रिल १९१६ ला तिथला ब्रिटिश सेनापती टाउनशेंड याने शरणागती पत्करली आणि सुमारे १३ हजार माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. भारतीय शिपायांपैकी अनेकांना सीरियातल्या रास अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपलं. उपासमार, आजार आणि पायपिटीने पुष्कळ गेले. तेव्हा तारीख एप्रिल १९१६ नंतरची असेल, तर कैदेतला मृत्यूही शक्य धरा.

तारखेसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचं (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) संकेतस्थळ बघा, शोध फुकट आहे. नावाऐवजी आधी शिपाई क्रमांक टाका. गोऱ्या कारकुनाने कानाला लागलं तसं स्पेलिंग केलेलं असतं, आणि आडनाव प्रत्येक वेळी असेलच असं नाही. नोंदीत पुष्कळदा वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हा मिळतो, त्यावरून खात्री करता येते.

बसऱ्याला ४० हजारांहून अधिक जणांचं स्मारक आहे, पण भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांचीच नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. ही असमानता कमिशनने २०२१ च्या अहवालात स्वतःच मान्य केली. म्हणजे भिंतीचा फोटो मिळवून उपयोग नाही, नोंदच शोधायला हवी.

सातबारावाली:
परदेशातल्या कागदांआधी घरचे बघा ना! जमीन असेल तर जुन्या फेरफारात वारस नोंद असणार. माणूस कधी मेला याचा अंदाज तिथे लागतो, कधी कधी कारणही लिहिलेलं असतं. ‘आपले अभिलेख’वर तालुका स्कॅन झालेला असेल तर घरबसल्या मिळेल, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. भाऊबंद जमिनीचे कागद दाखवायला का-कू करतात, तेव्हा दगडाचं निमित्त सांगा.

उगाचच:
एवढा कीस कशाला? गेले, परत आले नाहीत, दगड बसवा. कोण पुरावा मागायला येणार आहे?

पलटणवेडा:
@उगाचच, पुढची पिढी मागेल. दगडावरचं वाक्य शोधणाऱ्यांना पुरावाच वाटतं.

आणखी एक, पलटणीच्या युद्धदैनंदिन्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. त्यात साध्या शिपायाचं नाव सापडेल ही आशा ठेवू नका, पण तारीख कळली की त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं. १९२२ च्या फेररचनेत या पलटणी एकाच मराठा रेजिमेंटमध्ये आल्या: ११० ची तिसरी, ११६ ची चौथी आणि ११७ ची पाचवी बटालियन झाली, ११४ ही प्रशिक्षण बटालियन झाली. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला पत्र लिहाल तेव्हा जुना आणि नवा दोन्ही क्रमांक द्या.

मूळ धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. टॉर्चची युक्ती केली. शेवटचा आकडा शून्य नाही हे नक्की, वर आडवी रेघ दिसते, म्हणजे ७ असावा. पण भाऊ म्हणतो ती ओरखड्याची रेघ आहे. शिपाई क्रमांक मात्र आता पूर्ण वाचता येतो, आज रात्री तोच टाकून बघते. फेरफारासाठी चुलत्यांशी बोलणी सुरू केलीत. दगडवाल्याला थांबवलंय, घाई झालीच तर नाव, क्रमांक आणि ‘मेसोपोटेमिया मोहीम’ एवढंच कोरायचं, खाली दोन ओळींची जागा मोकळी सोडायची, असं ठरलं.

बेळगावला कुणी असं पत्र पाठवलं आहे का? पदकाचे फोटो आणि वंशावळ पहिल्याच पत्राबरोबर जोडावी, की आधी नुसती विचारणा करावी?