सिल्ट फेन्स दर पावसात आडवी होते, नाल्यात गढूळ पाणी जातंच

प्रश्न – नवी_साइट

साइट १.२ हेक्टर, उतार साधारण ५ टक्के, सगळा एकाच बाजूला. खालच्या कडेला ९० मीटर सिल्ट फेन्स (वाहून येणारा गाळ अडवायला खुंटांवर ताणलेलं कापड), पलीकडे नाला. माती चिकण. जोराचा पाऊस आला की कापड मधोमध फुगतं आणि खुंट आडवे होतात. जिथे फेन्स टिकते तिथे पाणी कापडाखालून निघतं. जाड कापड घेऊन खुंट जवळजवळ ठोकले तर भागेल का?

उत्तर – मातीकाम

नाही भागणार. हिशेबातच गडबड आहे. ३० मीटर फेन्समागे फार तर ०.१ हेक्टरचं पाणी यावं, आणि फेन्सच्या वरचा सलग उतार ३० मीटरच्या आसपास असावा. तुमच्या ९० मीटरला ०.३ हेक्टर झेपतं. येतंय चौपट.

फेन्स म्हणजे गाळणी, हा समजही आधी काढून टाका. तिचं काम पाणी थोपवून धरायचं. गाळ बसतो तो त्या थोपलेल्या पाण्यात. म्हणून ती समपातळीतच हवी. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) रेषा काढा. रेषा जराही कलली की सगळं पाणी एका कोपऱ्यात धावतं आणि तिथेच फुटतं. दोन्ही टोकं उताराच्या वरच्या अंगाला वळवा, नाहीतर पाणी कडेनं वळसा घालून जातं.

खालून पाणी निघतंय म्हणजे कापड नीट पुरलेलं नाही. खुंटांच्या वरच्या अंगाला १५ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल चर खणा, कापडाचा काठ चराच्या तळाशी वळवून ठेवा, माती भरून धुम्मसने ठोका. नुसती माती ओढून झाकली तर पहिल्याच पावसात ती वाहून जाते. खुंट नेहमी कापडाच्या खालच्या अंगाला, अंतर २ मीटरच्या आत. जोडावर कापड एकावर एक ठेवून खिळे मारू नका. दोन्ही तुकड्यांचे शेवटचे खुंट एकत्र धरून एक पीळ द्या आणि मग ठोका. गाळ उंचीच्या एक तृतीयांशावर आला की काढा.

उत्तर – सांडवा

वरचं सगळं पटतं. पण चिकणमातीसाठी फेन्स कितीही नीट लावली तरी पुरणार नाही. ०.१ मिमीचा बारीक वाळूकण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला २ मिनिटं घेतो. ०.००२ मिमीचा चिकणमातीचा कण? जवळजवळ ३ दिवस. फेन्समागे पाणी तेवढा वेळ थांबत नाही.

तेव्हा गाळतळं करा. हेक्टरी साधारण २५० घनमीटर धरा. तुमच्याकडे ३०० होतात. १ मिमी पाऊस म्हणजे हेक्टरी १० घनमीटर पाणी, यावरून आवाका कळेल. लांबी रुंदीच्या निदान दुप्पट, पाणी येण्याची आणि जाण्याची जागा विरुद्ध टोकांना. दोन्ही जवळ असली तर पाणी सरळ एका वाटेनं निघून जातं, बाकीचं तळं असून नसल्यासारखं. पाणी तळातून न काढता पृष्ठभागावरून काढा, तरंगत्या नळानं. सांडवा दगडांनी पक्का करा. तळं गाळानं निम्मं भरलं की उपसा.

उत्तर – मातीकाम

तळ्याचं बरोबर आहे. तरी त्याआधी मातीच सुटू नये हे बघा, ते सर्वांत स्वस्त पडतं. साइटच्या वरच्या अंगाला चर काढून बाहेरून येणारं स्वच्छ पाणी कडेनं वळवा. ज्या भागात काही आठवडे काम नाही तिथे पेंढा पसरा, चौरस मीटरला ४५० ग्रॅमच्या आसपास, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून काथ्याची जाळी वरून. सगळी साइट एकदम उघडी करू नका.

चरात पाणी वेग धरत असेल तर दगडांचे छोटे बांध घाला. खालच्या बांधाचा माथा वरच्याच्या पायथ्याच्या पातळीत हवा: ०.६ मीटरचा बांध, ४ टक्के उतार, तर अंतर १५ मीटर. बांधाचा मधला भाग कडांपेक्षा १५ सेंमी खाली ठेवा. हे विसरलं की पाणी काठ कोरून बाजूनं जातं.

नवी_साइट

धन्यवाद. पायाच्या खड्ड्यातलं पाणी सध्या पंपानं थेट नाल्यात सोडतोय. ते तळ्यात घेऊ का?

उत्तर – सांडवा

हो, आजपासूनच. सक्शन पाइपचं टोक तळाशी टेकू देऊ नका. रिकाम्या ड्रमला बांधून पाण्याच्या वरच्या थरात ठेवा. तळ्यात जागा नसेल तर जिओटेक्स्टाइलच्या (पाणी झिरपू देणाऱ्या कृत्रिम कापडाच्या) पिशवीत सोडा. पिशवी खडीच्या थरावर ठेवा, म्हणजे खालूनही पाणी निघतं. तरीही गढूळ राहिलं तर पॉलिॲक्रिलअमाइड (बारीक कण एकत्र आणून खाली बसवणारं रसायन) वापरता येतं, पण ॲनायोनिकच, म्हणजे ऋणभाराचं, घ्या. कॅटायोनिक, म्हणजे धनभाराचा, प्रकार माशांच्या कल्ल्यांना चिकटतो आणि मासे मरतात. मात्रा आधी पारदर्शक बाटल्यांत साइटचंच पाणी घेऊन ठरवा. एका मातीची मात्रा दुसरीला लागू पडत नाही. आणि काँक्रीटचे ट्रक धुतलेलं पाणी यात अजिबात मिसळू नका. त्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, म्हणजे ते तीव्र अल्कधर्मी असतं. त्याला प्लॅस्टिक अंथरलेला वेगळा खड्डाच हवा.