फॉर्ममध्ये सिंगल कोट आला की इन्सर्ट फेल होतंय

नवाकोरा:
नमस्कार मंडळी, पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) शिकतोय. एक रजिस्ट्रेशन फॉर्म केलाय, नाव, ईमेल, अभिप्राय, आणि सबमिट केलं की मायएसक्यूएल डेटाबेसच्या टेबलात जातं. काल मित्राने टेस्ट करताना आडनाव डि'सोझा टाकलं आणि सिंटॅक्स एरर आली. मी इन्सर्टची (टेबलात ओळ घालणाऱ्या कमांडची) स्ट्रिंग लिहितो, कोट उघडतो, डॉट लावून पोस्टमधलं नाव जोडतो आणि कोट बंद करतो. मग कुठेतरी वाचून ॲडस्लॅशेस (कोटच्या आधी तिरकी रेघ घालणारं फंक्शन) लावलं, वर सेफ राहावं म्हणून एचटीएमएलस्पेशलचार्स (एचटीएमएलमधली खास चिन्हं कोडमध्ये बदलणारं फंक्शन) पण सेव्ह करतानाच लावलं. एरर गेली, पण आता कोणी & टाईप केलं की टेबलात त्याच्या जागी भलताच कोड दिसतो आणि कन्फर्मेशनच्या ईमेलमध्येही तोच जातो. शिवाय पेज रिफ्रेश केलं की तीच एन्ट्री परत पडते. नक्की कुठे चुकतंय?

रात्रपाळी:
मित्रा, आधी ते डॉट लावून जोडणं बंद कर, मूळ दुखणं तिथेच आहे. डेटाबेसला आडनाव कुठे संपलं हे फक्त कोटवरून कळतं, म्हणून त्याने नाव 'डि' एवढंच घेतलं आणि पुढचं सोझा कमांडचा भाग समजून वाचायला गेला. मित्राने सहज टाकलं म्हणून नुसती एरर आली. लॉगिन फॉर्म असाच लिहिला असशील आणि कोणी पासवर्डच्या जागी ' ऑर '१'='१ असं टाकलं तर एरर येणारच नाही, अट प्रत्येक ओळीला खरी ठरेल आणि तो माणूस पासवर्ड माहीत नसताना आत जाईल.

पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय) वापर. क्वेरीत व्हॅल्यूच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवून प्रिपेअर कर, मग एक्झिक्युटला व्हॅल्यूंचा ॲरे दे. आणि त्या प्रश्नचिन्हाभोवती कोट लावू नकोस, हे नवीन माणसाकडून हमखास होतं, मग ती जागाच उरत नाही, ते नुसतं प्रश्नचिन्ह हे अक्षर होतं. ॲडस्लॅशेस काढून टाक.

जुनाखेळाडू:
वरचं बरोबर आहे, एक भर घालतो. पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर बाय डिफॉल्ट प्रिपेअरची नक्कल करतो, म्हणजे एस्केप करून (कोटसारखी चिन्हं निष्प्रभ करून) पूर्ण क्वेरी आपल्याच बाजूला जोडतो आणि मग पाठवतो. कनेक्शन करतानाच एम्युलेट प्रिपेअर्स ही सेटिंग फॉल्स करा, मग साचा आणि व्हॅल्यू खरोखर वेगवेगळे जातात. टेबलाचं किंवा कॉलमचं नाव मात्र असं बाईंड होत नाही (प्रश्नचिन्हाच्या जागी देता येत नाही), युजरने सॉर्टिंगसाठी कॉलम निवडायचा असेल तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्ये ठेवा आणि आलेलं नाव त्यात असेल तरच वापरा. आणि मायएसक्यूएल-अंडरस्कोरवाली जुनी फंक्शन्स वापरणारं ट्युटोरियल दिसलं तर लगेच बंद करा, ती पीएचपी ७ मध्ये २०१५ सालीच काढून टाकलीत.

अक्षरवेडी:
& चा घोळ एचटीएमएलस्पेशलचार्समुळे आहे. फंक्शन चांगलंच आहे, जागा चुकलीये. टेबलात माणसाने जे लिहिलं तेच जसंच्या तसं ठेवायचं आणि पेजवर दाखवताना, अगदी एकोच्या (पेजवर छापणाऱ्या) ओळीत, ते फंक्शन लावायचं, कारण तोच मजकूर साध्या ईमेलमध्ये, सीएसव्हीमध्ये, कुठेही जाऊ शकतो आणि तिथे एचटीएमएलचा काही संबंध नाही. पण दाखवताना विसरू नका हं, नाहीतर अभिप्रायात कोणी स्क्रिप्ट टॅग टाकला तर तो पेज बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालेल.

आणि मराठी नावं येणार असतील तर लांबी एसटीआरलेनने मोजू नका, ते बाईट मोजतं. 'श्री' टाकून बघा, १२ येतील. एमबी-एसटीआरलेन कॅरेक्टर मोजतं, ते ४ सांगतं (श, हलन्त, र आणि वेलांटी). टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (अक्षरं साठवायची पद्धत) ठेवा, मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ तीन बाईटपर्यंतच जातं, देवनागरी त्यात बसते पण इमोजीला चार लागतात.

रात्रपाळी:
रिफ्रेशचं राहिलंच. सेव्ह झालं की तिथेच आभाराचं पेज छापू नकोस, ३०३ ने (ब्राउझरला दुसऱ्या पेजवर जायला सांगणाऱ्या कोडने) दुसऱ्या पेजवर रीडायरेक्ट कर आणि रीडायरेक्टच्या हेडर ओळीच्या लगेच खाली एक्झिट लिही, नाहीतर खालचा कोड चालूच राहतो. सबमिटवर दोनदा क्लिक करणारे असतातच, त्यासाठी ईमेलच्या कॉलमला युनिक की (तीच व्हॅल्यू दोनदा न घेणारी अट) लाव.

नवाकोरा:
सगळ्यांचे मनापासून आभार! आत्ताच बदल केले. डि'सोझा जसाच्या तसा सेव्ह झाला, रिफ्रेशचं पण थांबलं. प्रश्नचिन्हाला मी खरंच कोट लावले होते, सगळ्यांची नावं ? अशीच सेव्ह होत होती, वरचं वाचलं म्हणून पटकन सापडलं. आता लॉगिनची क्वेरी बदलायला घेतो, ती पण डॉट लावूनच लिहिलीये.