मदत हवी आहे: क्लच सोडला की मागून टक्क, वर स्टिअरिंग जड (जुनी एमजी)

वैतागलेला_स्वार
क्लच सोडला की मागून टक्क. रिव्हर्स टाकला की परत टक्क. पार्किंगमध्ये स्टिअरिंग वळवताना घाम फुटतो. गॅरेजवाला म्हणतो आख्खा मागचा ॲक्सल बदला. डिफरन्शियल (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारे गिअर) गेलंय का? रविवारी गाडी हवी आहे, लवकर सांगा.

कोथरूडकर
कुठली एमजी? आमच्या हेक्टरचं स्टिअरिंग एका बोटाने फिरतं.

वैतागलेला_स्वार
हेक्टर कसली! एमजीबी रोडस्टर, जुनी उघड्या टपाची ब्रिटिश गाडी. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीत असतो.

लेस्टरचा_आप्पा
एमजीबी १९६२ ते १९८० बनत होती. साल कुठलं? आणि चाकं तारांची की साधी?

वैतागलेला_स्वार
७२. तारांची. चाकांचा काय संबंध?

लेस्टरचा_आप्पा
सगळा संबंध तिथेच आहे. पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लाव, मागचं चाक उचल, कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांग आणि चाक पुढे-मागे हलव. ड्रम जागच्या जागी नि चाक हललं, तर स्प्लाइन, म्हणजे तारांचं चाक ज्या हबवर बसतं तिथले दात, झिजल्यात. चाक काढून हबचे दात बघ, करवतीसारखे टोकदार झाले असतील तर संपले. पार गेले तर इंजिन फिरेल, गाडी हलणार नाही, आणि त्या चाकाचा ब्रेकही गेला समज. डिफच्या आतल्या थ्रस्ट वॉशर (चकत्या) झिजूनही टक्क होतं, पण आधी हे फुकटातलं बघ.

पुणेरी_पाना
तिकडच्या वार्षिक एमओटी तपासणीवाल्याने पकडलं नाही?

वैतागलेला_स्वार
चाळीस वर्षांवरच्या गाडीला लागत नाही.

पुणेरी_पाना
लागत नाही म्हणून करायचीच नाही? धन्य!

हेरल्डवाले_नाना
स्टिअरिंगचं मी सांगतो. आमची मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड गाडी होती. ट्रनियनमध्ये (पुढचं चाक वळतं त्या खालच्या सांध्यात) ग्रीस अजिबात नको, ९० नंबरचं गिअर ऑइलच. नाहीतर खालून तुटतं आणि चाक आडवं.

लेस्टरचा_आप्पा
नाना, ते हेरल्ड-स्पिटफायर गाड्यांचं. एमजीबीच्या किंगपिनला (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती उभी पिन) ग्रीसच लागतं, तेही चाक हवेत ठेवून. गाडीचा भार असताना नीट आत जात नाही.

हेरल्डवाले_नाना
विलायती गाड्या आम्हाला शिकवू नका.

डर्बीची_वहिनी
इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगचा किट बसवा, विषय संपला. आमच्या ह्यांनी बसवलाय.

लेस्टरचा_आप्पा
वहिनी, किंगपिन आखडली असताना मोटर लावली तर दुखणं झाकलं जाईल, बरं नाही होणार. स्वार, टायर किती रुंद?

वैतागलेला_स्वार
१८५ मिमी. दिसायला बरे.

लेस्टरचा_आप्पा
हे आधी सांगायला काय झालं होतं! रोडस्टरला मुळात १५५ चे. अर्धा घाम तिथलाच.

वैतागलेला_स्वार
बघितलं. ड्रम स्थिर, डावं चाक चांगलं बोटभर हलतंय. दातांवर ग्रीसचा पत्ता नाही, नुसती तांबडी भुकटी. नवीन चाक घेऊ का?

लेस्टरचा_आप्पा
नुसतं चाक नको, झिजलेला हब नव्या चाकाचेही दात खाईल. हब आणि चाक दोन्ही बदल. डावा-उजवा हब वेगळा, आटे उलटे असतात, मागवताना बाजू सांग. बसवताना दातांना ग्रीसचा हलका हात दे. ॲक्सलला हात लावू देऊ नकोस. आणि रविवार विसर.

कोथरूडकर
तारांचं एक चाक केवढ्याला पडतं? भाच्याला बुलेटला लावायचंय.