रिसायकल गॅसमधला हायड्रोजन घसरतोय, डेल्टा-टी पण

प्रश्न
सेमी-रिजनरेटिव्ह रिफॉर्मर (नॅफ्थाचं ऑक्टेन वाढवणारं युनिट, कॅटॅलिस्ट ताजं करायला बंद करावं लागतं), तीन रिअॅक्टर, प्लॅटिनम-ऱ्हेनियम कॅटॅलिस्ट. कोकर नॅफ्था (कोकर युनिटमधून येणारा नॅफ्था) मिसळायला लागल्यापासून रिसायकल गॅसमधला (रिअॅक्टरकडे परत फिरवल्या जाणाऱ्या गॅसमधला) हायड्रोजन ८० वरून ७४ टक्क्यांवर आलाय. पहिल्या रिअॅक्टरचा डेल्टा-टी (आत जाताना आणि बाहेर येताना तापमानातला फरक) पडलाय, एलपीजी वाढलाय, ऑक्टेन उतरलाय. इनलेट तापमान वाढवून ऑक्टेन सावरू का?

प्रतिसाद १
अजिबात नको! पहिल्या रिअॅक्टरमध्ये मुख्यतः नॅफ्थीनचा (कडीच्या आकाराच्या हायड्रोकार्बनचा) हायड्रोजन सुटतो, त्यात उष्णता शोषली जाते आणि ते काम प्लॅटिनमचं. त्याचाच डेल्टा-टी पडला म्हणजे संशय प्लॅटिनम निकामी करणाऱ्या गंधकावर. अशात तापवलंत तर कोक झपाट्याने बसेल. उलट इनलेट ४८० अंशांच्या आसपास उतरवा, गॅसचं सर्क्युलेशन मात्र कमी करू नका.
सेपरेटरचं (गॅस आणि द्रव वेगळं करणाऱ्या भांड्याचं) तापमानही बघून घ्या. कूलर नीट चालत नसेल तर ब्यूटेन-पेंटेन गॅसमध्येच राहतात आणि हायड्रोजनची टक्केवारी घसरते, पण त्याने डेल्टा-टी पडत नाही.
रिसायकल गॅसमधला एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड, गंधकाचा वायू) डिटेक्टर ट्यूबने जागेवरच मोजा. स्टीलच्या सिलिंडरमधून लॅबला पाठवलात तर तो भिंतीला चिकटतो आणि आकडा कमी येतो.

प्रश्नकर्ता
ट्यूबवर ५ पीपीएम. सेपरेटर ठीक आहे.

प्रतिसाद २
मग हायड्रोट्रीटर (रिफॉर्मरच्या आधी फीडमधलं गंधक काढणारं युनिट) तपासा. फीडमधलं गंधक ०.५ पीपीएमच्या आत हवं. स्ट्रिपरच्या (विरघळलेला एच-टू-एस काढणाऱ्या कॉलमच्या) बॉटमचा नमुना फीड-बॉटम एक्स्चेंजरच्या आधी आणि नंतर, असा दोनदा घ्या. नंतरच्यातच गंधक जास्त निघालं तर एक्स्चेंजरची ट्यूब गळतेय. दोन्हीकडे सारखंच असेल तर हायड्रोट्रीटर रिअॅक्टरच्या आउटलेटचा नमुना सॅम्पल कूलरमधून काढा आणि त्यात नायट्रोजन फुंकून एच-टू-एस घालवा, नाहीतर आकडा फसवतो. तो स्वच्छ निघाला तर फीड-एफ्लुएंट एक्स्चेंजरवर (रिअॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाने फीड तापवणाऱ्या एक्स्चेंजरवर) नजर ठेवा: कच्च्या फीडचा दाब जास्त, त्यामुळे गळती थेट प्रॉडक्टमध्ये.
आउटलेटलाच गंधक असेल आणि हायड्रोट्रीटर रिअॅक्टर ३४० अंशांच्या वर चालत असेल, तर उरलेलं ओलेफिन (दुहेरी बंधाचं हायड्रोकार्बन) आणि एच-टू-एस मिळून पुन्हा मर्कॅप्टन (गंधकाचं सेंद्रिय संयुग) बनतं. तिथे तापमान वाढवून उपयोग नाही, थोडं उतरवून बघा. कोकर नॅफ्थात अँटिफोममधून (फेस रोखणाऱ्या रसायनातून) सिलिकॉनही येतं आणि ते हायड्रोट्रीटरच्या कॅटॅलिस्टवर साचतं, तेही तपासा.

प्रतिसाद १
एच-टू-एस १ पीपीएमच्या खाली येऊन टिकेपर्यंत रिफॉर्मरचं तापमान चढवू नका. आणि ऑक्टेन घसरूनही हायड्रोजनची टक्केवारी वाढलेली दिसली, तर ते गंधक नव्हे, कॅटॅलिस्टवरचं क्लोराइड धुतलं गेलंय. तेव्हा फीडमधलं पाणी आणि नायट्रोजन शोधा.