सॉस पातळ राहतो त्याबद्दल

द्राक्षाची जेली आणि चिली सॉस घालून केलेल्या कॉकटेल सॉसेजचा (एका घासात खाता येतील अशी छोटी सॉसेज) सॉस पातळच राहिला, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा घोटाळा पाकिटातल्या पाण्याचा असतो. सॉसेज चाळणीत निथळून कोरडे टिपून घ्या. ८०० ग्रॅमला १ वाटी जेली आणि १ वाटी चिली सॉस. हा चिली सॉस म्हणजे अमेरिकेतला टोमॅटोचा आंबटगोड, तिखट नव्हे. तिखट सॉस घातलात तर चवच बदलेल.

आधी जेली आणि सॉस मंद आचेवर एकजीव करा. जेलीच्या गुठळ्या सुरुवातीला हट्टाने तरंगतात, ढवळत राहा, विरघळतात. मग सॉसेज घालून झाकण न ठेवता १५-२० मिनिटं. ते आधीच शिजलेले असतात, फक्त गरम व्हायला हवेत. चमच्याच्या पाठीवर चकचकीत थर बसला की झालं. निवल्यावर आणखी दाटतो.

दुसरी एक जुनी पद्धत लाल करंट (बारीक आंबट फळं) जेली आणि पिवळ्या मोहरीच्या सॉसची. मला तीच जास्त आवडते, मोहरीचा झणका गोडाला छान आवरतो.

आणि पार्टीभर भांडं गरमच ठेवा, ६० अंशांच्या वर. टूथपिक शेजारी.